न झालेल्या गोलांचा इतिहास

इतिहास लिहिणाऱ्याला साधने लागतात, आणि साधने नेहमी घडलेल्या गोष्टींचीच उरतात. जे कोणी घडू दिले नाही, त्याची कागदपत्रे सहसा सापडत नाहीत. किल्ला पडला म्हणजे बखरकार तिथी लिहितो, वार लिहितो, कामी आलेल्यांची नावे लिहितो. किल्ला पडलाच नाही, तर किल्लेदाराच्या नावे धान्याच्या आणि दारूगोळ्याच्या याद्यांखेरीज फारसे काही उरत नाही. खिंड लढविणाऱ्या बाजीप्रभूंचे नाव महाराष्ट्राच्या ओठांवर राहिले, हे खरे. पण त्यासाठी त्यांना प्राण द्यावे लागले. खिंड राखून संध्याकाळी सुखरूप घरी परतलेल्या माणसावर शाहिराने पोवाडा रचल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

हा विचार मनात येण्याचे कारण एक फुटबॉलपटू आहे. नोकरीच्या निमित्ताने माझा मुक्काम चंडीगढला आहे. या शहरात पंजाब शासनाची कार्यालये आहेत आणि त्यांपैकी क्रीडाखात्याचे संचालकपद १९९० ते १९९४ या काळात जर्नेलसिंग धिल्लन नावाच्या गृहस्थांकडे होते. भारताने आजवर पाहिलेल्या सर्वश्रेष्ठ बचावपटूंत ज्यांची गणना होते, तेच हे जर्नेलसिंग. 'जर्नेल' हे 'जनरल' या शब्दाचे पंजाबी रूप. मुलगा सेनापती व्हावा अशा हौसेने पंजाबात हे नाव ठेवतात. या जर्नेलाने आयुष्यभर स्वारी अशी फारशी केली नाही. त्याने राखण केली. आधी मैदानावर गोलाची, मग प्रशिक्षक म्हणून एका संघाची, आणि शेवटी टेबलामागे बसून एका राज्यातील खेळांची. या तीन राखणींची कथा आज सांगावयाची आहे.

जर्नेलसिंगांचा जन्म २० फेब्रुवारी १९३६ रोजी लायलपूरकडचा. लायलपूर म्हणजे पाकिस्तानातील आजचे फैसलाबाद. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चिनाब नदीचे कालवे काढून इंग्रज सरकारने तेथील ओसाड पठार लागवडीखाली आणले आणि जालंधर, होशियारपूर या दाट वस्तीच्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना तेथे जमिनी दिल्या. मधोमध घड्याळाचा मनोरा आणि त्यापासून आठ दिशांना फुटणारे आठ बाजार, असे ते आखून वसविलेले नगर. १९४७ साली फाळणी झाली तेव्हा जर्नेलसिंग ११ वर्षांचे होते. त्या वर्षी एक कोटीहून अधिक माणसे आपला मुलूख सोडून निघाली. कालव्यांच्या वसाहतींतील अनेक शीख कुटुंबे पन्नास वर्षांपूर्वी ज्या दुआबातून गेली होती, त्याच दुआबात परत आली. जर्नेलसिंगांचे कुटुंब होशियारपूर जिल्ह्यात गढशंकरजवळच्या पनाम या गावी स्थिरावले.

चंडीगढची जन्मकथाही त्याच वर्षात सुरू होते. लाहोर पाकिस्तानात गेले, भारतीय पंजाबला राजधानी उरली नाही, म्हणून शिवालिकच्या पायथ्याशी नवे शहर वसविण्याचे ठरले, आणि १९५३ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. गमावलेल्या गावाच्या जागी नवे गाव उभे करणे, हा त्या पिढीचा धर्मच होऊन बसला होता. ज्या शहरात जर्नेलसिंगांनी पुढे अधिकारपद भूषविले ते शहर आणि ते स्वतः, दोघेही एकाच आपत्तीची अपत्ये होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पनामपासून जवळच माहिलपूर हे गाव आहे. तेथील खालसा महाविद्यालयाचे प्राचार्य हरभजनसिंग यांनी फुटबॉलचे असे वेड लावले की, हे छोटेसे गाव पंजाबच्या फुटबॉलची जणू रोपवाटिकाच ठरले. प्राचार्यांच्या स्मरणार्थ तेथे स्पर्धा भरविण्याची प्रथा पुढे पडली. जर्नेलसिंग याच रोपवाटिकेतले. पण ज्याला फुटबॉल खेळून नाव मिळवावयाचे असे, त्याला त्या काळी कलकत्त्याचीच वाट धरावी लागे. कुस्तीच्या शौकिनाला जसे कोल्हापूर, तसे फुटबॉलच्या शौकिनाला कलकत्ता. तेथील राजस्थान क्लबकडून ते प्रथम खेळले आणि १९५९ मध्ये मोहन बागानमध्ये दाखल झाले. पुढली नऊ-दहा वर्षे ते त्या संघाचे आधारस्तंभ होते. १९६२ ते १९६५ अशी सलग चार वर्षे मोहन बागानने कलकत्ता लीग जिंकली. १९६३, १९६४ आणि १९६५ असा तीनदा ओळीने ड्युरँड चषक पटकावला. १९६६ साली मुंबईचा रोव्हर्स चषकही त्यांनी नेला. कूपरेजच्या लाकडी बाकांवर बसून ते सामने पाहिलेल्या मुंबईकरांच्या पिढीने या धिप्पाड सरदारजीच्या खेळाच्या गोष्टी पुढल्या पिढीला सांगितल्या आहेत.

हा माणूस मैदानावर नेमके काय करीत असे, हे थोडे समजावून घेतले पाहिजे. १९२५ साली 'ऑफसाइड'चा नियम सैल झाला आणि आघाडीच्या खेळाडूंना प्रतिस्पर्ध्याच्या गोलापर्यंत पोहोचणे सोपे झाले. तेव्हा इंग्लंडमधील आर्सेनल संघाचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी मधल्या फळीतला 'सेंटर हाफ' मागे खेचून दोन 'फुल बॅक' खेळाडूंच्या मध्ये उभा केला. हाच 'स्टॉपर', अर्थात अडविणारा. समोरच्या संघाचा सर्वांत धोकादायक गडी त्याच्या वाट्याला येतो. शिवाय डावीकडचा किंवा उजवीकडचा सोबती चकला, तर त्याची मोकळी जागाही यानेच भरावयाची. पुढे धावून चेंडू काढून घ्यावा, की मागे राहून वाट अडवावी, याचा निर्णय त्याला क्षणार्धात घ्यावा लागतो. पुढे जाऊन चुकला तर त्याच्यामागे फक्त गोलरक्षक उरतो. आघाडीचा खेळाडू दहादा चुकून एकदा साधला तरी वीर ठरतो. स्टॉपर दहादा साधून एकदा चुकला की अपराधी ठरतो. हिशेबाची ही पद्धत अन्यायाची आहे. पण खेळात तीच चालते, आणि खेळाबाहेरही बहुधा तीच चालते.

जर्नेलसिंगांची ख्याती होती ती घसरत जाऊन चेंडू काढून घेण्याच्या कौशल्याबद्दल. पावसाळी मैदानावरील चिखलात पूर्ण वेगाने येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या पायापुढे अंग झोकून द्यावयाचे, चेंडू आधी आणि माणूस नंतर, असा नेम साधावयाचा, हे ताकदीपेक्षा वेळेच्या अचूक अंदाजाचे काम आहे. निमिषमात्र उशीर झाला की तोच डाव आडदांडपणा ठरतो आणि पंच शिट्टी वाजवितात. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारतीय संघाने फ्रान्सला १-१ असे बरोबरीत रोखले आणि हंगेरीसारख्या बलाढ्य संघाकडून केवळ १-२ असा पराभव पत्करला. त्या संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. जर्नेलसिंगही त्या संघात होते.

आता १९६२ सालाकडे येऊ. जकार्ता येथे चौथ्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या होत्या. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला. आशियाई स्पर्धांच्या संस्थापकांपैकी एक असलेले आपले गुरुदत्त सोंधी यांनी यास हरकत घेतली, आणि मग या स्पर्धांना 'आशियाई' म्हणता येणार नाही, अशी भूमिका मांडली. तत्त्व म्हणून ते योग्यच होते. परंतु त्याची किंमत मैदानावरील भारतीय खेळाडूंना मोजावी लागली. ३ सप्टेंबरला जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला केला, आणि दुसऱ्याच दिवशी फुटबॉलचा अंतिम सामना होता. सोंधींवरचा राग कोणत्याही पगडीवर निघेल या भयाने जर्नेलसिंगांना बसमध्ये आसनांखाली दडून प्रवास करावा लागला, असे त्यांचे सोबती पुढे सांगत असत. १९४७ नंतर पंधरा वर्षांनी त्या माणसाच्या वाट्याला पुन्हा एकदा जमावापासून लपणे आले होते.

त्या स्पर्धेत भारताची सुरुवात चांगली झाली नव्हती. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २-० असे हरविले. कोरिया त्या वेळी आशिया चषकाचा विजेता होता. १९५६ आणि १९६० अशा दोन्ही वेळा तो चषक त्यांनीच जिंकला होता. मग भारताने थायलंडला ४-१ आणि जपानला २-० असे नमविले. पण थायलंडविरुद्ध खेळताना जर्नेलसिंगांच्या डोक्याला जबर जखम झाली आणि टाके घालावे लागले. जखमी डोक्याचा बचावपटू मागे ठेवावा तर उंचावरून येणारे चेंडू डोक्याने परतविण्याचे काम त्याच्याकडून कसे करून घ्यावे? न खेळवावा तर एवढा ताकदीचा गडी बाहेर बसतो. रहीमसाहेबांनी या पेचातून काढलेली वाट आजही फुटबॉलच्या जाणकारांना नवलाची वाटते. त्यांनी आपला सर्वोत्तम बचावपटू आघाडीला खेळविला! दक्षिण व्हिएतनामविरुद्धचा उपान्त्य सामना भारताने ३-२ असा जिंकला. त्यात चुनी गोस्वामींचे दोन गोल होते आणि एक जर्नेलसिंगांचा.

अंतिम सामन्यात गाठ पुन्हा कोरियाशीच पडली. सेनायन स्टेडियममध्ये सुमारे एक लाख प्रेक्षक होते, आणि त्यांतले बहुतेक भारताच्या विरुद्ध ओरडत होते. एका कोपऱ्यातून मात्र भारताच्या नावाचा गजर होत होता. तेथे पाकिस्तानचा हॉकी संघ बसला होता, ही आठवणही खेळाडूंनीच सांगितलेली आहे. लायलपूर सोडून आलेल्या मुलाला परक्या देशात प्रोत्साहन द्यावयास उभे राहिले ते पाकिस्तानचेच खेळाडू. इतिहासाला कधी कधी असे सौजन्य सुचते. सतराव्या मिनिटाला प्रदीपकुमार बॅनर्जींनी पहिला गोल केला. विसाव्या मिनिटाला जर्नेलसिंगांनी दुसरा. कोरियाचा एकमेव गोल झाला तो पंच्याऐंशीव्या मिनिटाला. सामना २-१ असा संपला आणि भारताला सुवर्णपदक मिळाले.

त्या अकरा जणांत आपल्या भागाशी नाते सांगणारेही होते. गोव्यातील कोलवाळ गावी जन्मलेले आणि मुंबईत फुटबॉल शिकलेले फोर्तुनातो फ्रांको मधल्या फळीत होते. त्यांची जन्मभूमी स्वतंत्र होऊन तेव्हा नऊ महिनेही झाले नव्हते. बचावफळीतील ओ. चंद्रशेखर केरळचे खरे, पण मुंबईच्या कॅल्टेक्स संघाचे, आणि महाराष्ट्राच्या संघातून खेळणारे. तो संघ खऱ्या अर्थाने अखिल भारतीय होता. प्रशिक्षक रहीम यांना तेव्हाच कर्करोगाने ग्रासले होते. जून १९६३ मध्ये ते गेले. २०२४ साली त्यांच्यावर 'मैदान' नावाचा हिंदी चित्रपट आला, तेव्हा देशातील बऱ्याच जणांनी ही कथा पहिल्यांदाच ऐकली.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. जर्नेलसिंगांनी दहा वर्षे उत्तमोत्तम आघाडीवाल्यांना रोखले. त्यांनी अडविलेले चेंडू किती, त्यांच्या पायांमुळे न झालेले गोल किती, हे कोणत्याही वहीत लिहिलेले नाही. पण जकार्त्यात त्यांनी केलेला गोल मात्र सर्व पुस्तकांत आहे. ज्या कामासाठी ते जन्मले असे म्हणावे, त्याची नोंद नाही. आणि जे काम जखम झाली म्हणून तात्पुरते पत्करले, त्यासाठी इतिहासाने त्यांना लक्षात ठेवले. पुरस्कारांचा क्रमही हेच सांगतो. अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला. फुटबॉलसाठी तो पहिल्या वर्षी प्रदीपकुमार बॅनर्जींना मिळाला, दुसऱ्या वर्षी बलरामांना, तिसऱ्या वर्षी चुनी गोस्वामींना. तिघेही आघाडीचे, आणि तिघेही त्या मानाला सर्वथा पात्र. बचावपटूची पाळी चौथ्या वर्षी आली. १९६४ सालचा पुरस्कार जर्नेलसिंगांना मिळाला. त्यानंतर १९६५ ते १९६७ या काळात ते भारताचे कर्णधार होते, आणि आशियातील निवडक खेळाडूंच्या संघाचे नेतृत्वही त्यांच्याकडे आले.

ही केवळ आपल्याच देशाची रीत आहे, असे कोणी समजू नये. ज्या कोरियाला आपण जकार्त्यात हरविले, त्या देशात पुढे होंग म्योंग-बो नावाचा बचावपटू झाला. १९९० ते २००२ या काळात तो चार विश्वचषक खेळला. २००२ साली आपल्याच भूमीवर कोरियाने विश्वचषकाची उपान्त्य फेरी गाठली, तेव्हा तो कर्णधार होता. स्पेनविरुद्धच्या सामन्यात १२० मिनिटे गोलफलक कोरा राहिला. त्या सामन्यातील पंचांच्या निर्णयांवर बराच वादही झाला. अखेर 'पेनल्टी' फटक्यांवर निकाल लागला आणि शेवटचा, निर्णायक फटका होंगने मारला. त्याच्या देशवासीयांच्या मनावर कोरले गेले ते चित्र त्या फटक्याचे. आधीच्या १२० मिनिटांचे चित्र काढणार तरी कसे? तात्पर्य, देश बदलला, काळ बदलला, तरी बचावपटू लक्षात राहतो तो गोल केला तरच.

मात्र मैदान सोडल्यानंतर या दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, आणि तेथे खरा इतिहास सुरू होतो. होंग व्यवस्थापक झाला. त्याच्या हाताखाली कोरियाने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जपानला हरवून फुटबॉलचे कांस्यपदक मिळविले. २०१४ च्या विश्वचषकात अपयश आले, तेव्हा त्याने पद सोडले. पुढे उल्सान संघाला त्याने २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षे लीगचे विजेतेपद मिळवून दिले, आणि २०२४ मध्ये राष्ट्रीय संघाची सूत्रे पुन्हा त्याच्याकडे आली. यश आले, अपयश आले. पण बचावपटूने मैदानावर कमावलेली दृष्टी वापरावयास त्या देशात एक रुळलेला मार्ग होता. व्यावसायिक लीग होती, पगारी प्रशिक्षक होते, आणि अपयशानंतर परत उभे राहावयास जागाही होती.

जर्नेलसिंगांच्या काळी आपल्याकडे असा मार्ग नव्हता. मोठे क्लब कलकत्त्यात, खेळाडूच्या पोटापाण्याची सोय रेल्वेत, पोलिसात, बँकेत किंवा सरकारी खात्यात. प्रशिक्षकपण म्हणजे नोकरी सांभाळून करावयाची हौस. तरीही त्यांनी ते काम केले, आणि असे केले की पंजाबच्या फुटबॉलचा चेहराच बदलला. १९७०-७१ च्या हंगामात खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी नात्याने त्यांनी पंजाबला संतोष चषक मिळवून दिला. ही आंतरराज्य स्पर्धा १९४१ पासूनची; तिचे विजेतेपद पंजाबला तेव्हा प्रथमच मिळाले. प्रतिस्पर्धी म्हैसूर होता. त्या वेळी जर्नेलसिंगांचे वय चौतीस होते.

पुढला पराक्रम १९७४-७५ चा, जालंधरचा. आता ते केवळ प्रशिक्षक होते. अंतिम सामन्यात पंजाबने बंगालला ६-० असे हरविले. ज्या बंगालने त्यांना नाव दिले, त्याच बंगालविरुद्ध! फगवाड्याचे इंदरसिंग त्या स्पर्धेत असे खेळले की त्यांच्या नावावर २३ गोल जमा झाले. पंजाबातला जुना माणूस आजही तो तेवीसचा आकडा अभिमानाने सांगतो, आणि अंतिम सामन्यातले ते सहा गोलही सांगतो. माझे लक्ष मात्र त्या निकालातील दुसऱ्या आकड्याकडे जाते. सहा सर्वांच्या लक्षात राहिले, शून्य कोणाच्या लक्षात राहिले? बंगालच्या आघाडीला संपूर्ण सामन्यात एकही गोल करता आला नाही, हीही त्या निकालाची अर्धी बाजू आहे. एका बचावपटूने घडविलेल्या संघाची सही पाहावयाची असेल, तर ती मला त्या शून्यात दिसते.

बचावपटूने प्रशिक्षक होण्याची परंपरा आपल्याकडे अगदीच नाही असे नाही. १९७० च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळविणाऱ्या संघाचे कर्णधार हैदराबादचे सय्यद नईमुद्दीन बचावपटूच होते. ते पुढे नामवंत प्रशिक्षक झाले आणि १९९० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. आपल्या बाजूला गोव्याचे डेरिक परेरा. तेही बचावपटू, आणि त्यांच्याच मार्गदर्शनाखाली मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. मागे उभा राहणारा खेळाडू सारे मैदान समोर पाहत असतो. आघाडीवाल्याला गोल दिसतो. बचावपटूला बावीस जण दिसतात. पुढे तो चांगला प्रशिक्षक होतो, त्याचे बीज बहुधा येथेच असावे.

आता तिसरी राखण. १९८५ ते १९९० या काळात जर्नेलसिंग पंजाबच्या क्रीडाखात्याचे उपसंचालक होते, आणि त्यानंतर चार वर्षे संचालक. या सनांकडे जरा लक्ष द्यावे. पंजाबच्या इतिहासातील ही अत्यंत काळी वर्षे होत. दहशतवाद शिगेला पोहोचला होता. मे १९८७ ते फेब्रुवारी १९९२ या काळात राज्यात राष्ट्रपती राजवट होती. दिवेलागणीला गावे दारे लावून घेत. जेथे माणसे संध्याकाळी घराबाहेर पडावयास कचरतात, तेथे मैदाने ओस पडतात. आणि ओस पडलेल्या मैदानावरचा तरुण कोठे जातो, हा तर त्या काळातला सर्वांत जीवघेणा प्रश्न होता.

मी स्वतः शासकीय सेवक आहे, म्हणून मला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक आहे. शांततेच्या काळातही एखादी जिल्हास्पर्धा वेळेवर भरविणे, प्रशिक्षकाची रिकामी जागा भरून घेणे, मुलांच्या प्रवासभत्त्याची मंजुरी मार्चअखेरपूर्वी मिळविणे, ही कामे कोणाला दिसत नाहीत. झाली तर ती व्हावयाचीच होती असे लोक मानतात. न झाली तर तक्रार होते. हा हिशेब स्टॉपरच्याच हिशेबासारखा आहे. जी साथ पसरली नाही, जो बंधारा फुटला नाही, जी दंगल पेटण्यापूर्वीच विझली, तिचे श्रेय कोणाच्या गोपनीय अहवालात लिहिले जात नाही. मग भोवती आग लागलेली असताना राज्यातल्या मैदानांची जबाबदारी वाहणे किती कठीण असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

या कल्पनेपलीकडे जाण्याचा मोह मी आवरतो. त्या नऊ वर्षांत मैदानावर टिकून राहिल्यामुळे वाचलेली मुले किती, हे कोणी मोजलेले नाही आणि मोजता येणारही नाही. सरकारी कचेऱ्यांत साहेबांच्या खुर्चीमागे एक लाकडी फलक लावलेला असतो. त्यावर आजवरच्या अधिकाऱ्यांची नावे आणि पुढे दोन तारखा: केव्हापासून, केव्हापर्यंत. बहुतेकांचा इतिहास त्या दोन तारखांत संपतो. जर्नेलसिंगांच्या या तिसऱ्या राखणीची नोंदही जवळजवळ तेवढीच आहे.

निवृत्तीनंतरचा त्यांचा शेवट परदेशात झाला. २००० साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे ते निवर्तले. दुआबातील कितीतरी कुटुंबांची एक वाट तिकडे गेलेली आहे. लायलपूरचा कालवा, पनामचे शेत, कलकत्त्याचे मैदान, चंडीगढचे कार्यालय आणि शेवटी प्रशांत महासागराचा किनारा, असा हा एका माणसाचा प्रवास. गढशंकर येथे त्यांच्या नावाचे क्रीडांगण आहे. पुतळ्यापेक्षा हे स्मारक मला अधिक योग्य वाटते. क्रीडांगणावर निदान पोरे खेळतात.

त्यांच्या पश्चात त्यांच्या प्रदेशातील फुटबॉलचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. फगवाड्याच्या जे.सी.टी. कापड गिरणीच्या संघाने १९९६-९७ मध्ये पहिली राष्ट्रीय लीग जिंकली, आणि २०११ मध्ये तो संघ बंद झाला. महिंद्र युनायटेडही त्याच्या आदल्या वर्षी बंद झाला होता. संघ चालविणारी कंपनी कंटाळली की संघ संपतो. कारण त्याला मागून आधार देणारी दुसरी फळीच नसते. भारताने १९६२ नंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक मिळविलेले नाही. कोरिया मात्र १९८६ पासून प्रत्येक विश्वचषकाला पोहोचत आला. १९६२ मध्ये त्यांच्यात आणि आपल्यात एका गोलाचे अंतर होते, आणि ते आपल्या बाजूने होते. पुढल्या काळात ते अंतर का वाढत गेले, याचे उत्तर आपण नेहमी आघाडीवर शोधतो: गोल करणारे निपजत नाहीत, असे म्हणतो. मला वाटते, उत्तर मागच्या बाजूला आहे. आपण आपल्या जर्नेलसिंगांना खेळ संपल्यावर काय काम दिले, त्यांच्या हाताखाली किती माणसे तयार होऊ दिली, त्यांच्यानंतर त्यांची जागा कोण घेणार याचा विचार केव्हा केला, हे प्रश्न आपण विचारले नाहीत.

तरीही निराशेने हे भाषण संपवावे असे मला वाटत नाही. चंडीगढ हे आखलेले शहर. येथे हिरवळ आणि मोकळी मैदाने आराखड्यातच आहेत. येथील फुटबॉल प्रबोधिनीत दूर मणिपुरातून मुले येऊन शिकली. त्यांतलाच अमरजितसिंग कियाम २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कर्णधार होता. आणि याच शहरात १९९३ मध्ये जन्मलेला संदेश झिंगन पुढे भारताच्या बचावफळीचा आधार झाला. २०२० सालचा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. तोही मध्यबचावपटू. ज्या वर्षी तो जन्मला, त्या वर्षी राज्याचे क्रीडासंचालक जर्नेलसिंग होते. या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध आहे असे मी म्हणणार नाही. पण गावात आधी कोणी खिंड राखलेली असली, की पुढे कोणा मुलाला तेथे उभे राहावेसे वाटते, एवढे मात्र खरे.

संध्याकाळी फिरावयास जाताना मी कधी कधी मैदानाच्या कडेला थांबतो. लहान मुलांचा खेळ चाललेला असतो. संघ पाडताना प्रत्येकाला पुढे खेळावयाचे असते, गोल करावयाचा असतो. शेवटी कोणीतरी एक मुलगा, बहुधा अंगाने थोराड आणि स्वभावाने मुकाट, मागे जाऊन उभा राहतो. त्याला कोणी टाळ्या देत नाही. खेळ संपतो, गोल करणाऱ्याला मुले खांद्यावर घेतात, आणि तो मुलगा आपल्या चपला शोधत असतो.

श्रोते हो, त्या मुलाला मैदानाबाहेर कोणी विचारले की, 'आज तू काय केलेस?', तर त्याच्यापाशी सांगण्याजोगे काहीच नसते. विचारणाऱ्याने फलकावरील शून्याकडे पाहावे. ते त्याने केलेले असते.